केसपेपरवर लिहिलं होतं 'गृहिणी': एका पक्षाघाताच्या रुग्णाचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) विभागातलं हे प्रकरण. आजारानंतर रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून इथे त्या कामांचाच सराव करून घेतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. रुग्ण 44 वर्षांच्या बाई. विभागात सगळे त्यांना ताई म्हणत, इथेही तेच ठेवलं आहे. राहायला लोकमान्य नगरला. घरात नवरा, सासूबाई आणि कॉलेजात शिकणारा मुलगा. नवरा टेम्पो चालवतो.

ताईंना रक्तदाबाचा जुना त्रास होता आणि गोळ्या मध्येच सुटल्या होत्या. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. समोरच्याचं बोलणं बहुतेक समजत होतं, पण स्वतःचा शब्द ओठांवर येत नव्हता. तिसऱ्या आठवड्यात त्या आमच्याकडे आल्या तेव्हा काठीच्या आधाराने चालत होत्या. खांदा उचलला जात होता, मूठ मिटत होती, पण बोटं पूर्ण उघडत नव्हती. अंगठा आणि तर्जनीची चिमूट कमजोर होती, बोटांच्या टोकांना स्पर्श नीट कळत नव्हता. ताई उजव्या हाताच्या, त्यामुळे गेलेला हात हा कामाचाच हात होता.

केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' असं लिहिलेलं होतं. अपघात विभागातल्या गडबडीत हे कुणी कुणाला विचारून लिहिलं ते नंतर कुणालाच सांगता आलं नाही. ताईंना बोलता येत नसल्याने माहिती सासूबाईंनी दिली. "घरचं सगळं तीच बघायची," असं आजी म्हणाल्या. त्यात खोटं काही नव्हतं. मुलाची फी, बँक, रेशन, गावाकडचा पैसा हे सगळं ताईच बघत. मात्र ऐकणाऱ्याने 'सगळं' याचा अर्थ स्वयंपाक-धुणीभांडी असा घेतला.

पहिली योजना

पहिली योजना आखणारी सहकारी थेरपिस्ट कामाला चोख आहे, आणि हे मुद्दाम नोंदवतो, कारण या प्रकरणात निष्काळजीपणा शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. योजना तांत्रिकदृष्ट्या बरोबर होती. कणीक मळताना तळहात उघडा राहून त्यावर वजन पडतं, त्याने बोटांची ताठरता सैलावते. लाटण्यावर दोन्ही हात एकत्र चालतात आणि धडधाकट हात दुबळ्या हाताला ओढून नेतो. मटार सोलायला चिमूट लागते, डाळ निवडायला नजर आणि बोटं दोन्ही लागतात. कपड्यांच्या घड्या, रांगोळीचे ठिपके हेही होतं. पक्षाघाताच्या हाताला यातलं काहीही चुकीचं नाही.

पण विभागाच्या कपाटात दोन कप्पे होते. एकात पोळपाट-लाटणं, सुपं, विणकामाच्या सुया, मण्यांच्या माळा. दुसऱ्यात नट-बोल्टचा फळा, रंधा, कुलुपं-कड्या, विजेच्या बटणांचा बोर्ड. त्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या नव्हत्या, तरी कुठल्या रुग्णासाठी कुठला कप्पा उघडायचा हे नव्याने आलेल्या इंटर्नलाही दोन दिवसांत कळत असे.

ही सवय एका विभागापुरती नाही. दैनंदिन व्यवहार किती जमतात ते मोजायला लॉटन आणि ब्रॉडी यांची 1969 सालची मोजपट्टी आजही सर्रास वापरली जाते. तिच्यात फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचे व्यवहार अशा आठ बाबी आहेत. मूळ पद्धतीत बायकांना आठही बाबींवर गुण द्यायचे आणि पुरुषांना पाचच. स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणं पुरुषांसाठी वगळलेलं होतं. आता दोघांनाही आठही विचाराव्यात असं सांगितलं जातं. तरीही कमावण्याचं काम ही बाब त्या पट्टीत नाहीच. ताईंचा फॉर्म आठही बाबी भरून पूर्ण झाला आणि त्यांच्या आयुष्यातल्या रोजच्या नऊ तासांबद्दल त्यात एक अक्षर आलं नाही.

अडचण

आमच्याकडे उपचार सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून ताईंच्या गैरहजेऱ्या सुरू झाल्या. आल्या तरी कणकेच्या गोळ्यावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत बसायच्या. नोंदवहीत शेरा पडला: 'सहकार्य कमी, मनोबल खचलेलं.' पक्षाघातानंतर साधारण तीनातल्या एका रुग्णाला नैराश्य येतं, त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं ठरलं. तो निर्णय योग्यच होता. त्यांनी तपासून सांगितलं की ताई दुःखी आहेत, पण उपचाराची गरज पडावी असं नैराश्य दिसत नाही.

खरा धागा हजेरीपटात होता. त्याच इमारतीत, त्याच दिवशी, आधीच्या तासाला ताईंची फिजिओथेरपी असे. तिथे एकही खाडा नव्हता. जिना चढायचा सराव त्या घाम फुटेस्तोवर करत. मनोबल खचलेलं माणूस पहिल्या मजल्यावर जिद्दीने चालतं आणि दुसऱ्या मजल्यावर खचतं, असं होत नाही. हे दोन हजेरीपट शेजारी ठेवून बघायला कुणाला सुचलं असतं तर पुढचे काही आठवडे वाचले असते.

उलगडा झाला तो विभागातल्या जुन्या टेबलफॅनमुळे. तो घरघरायला लागला आणि करपल्यासारखा वास आला. थेरपिस्ट बटण बंद करायला उठली तेवढ्यात मागून ताईंचा आवाज आला, "वाइंडिंग... जळली." इतके दिवस त्यांच्या तोंडून 'हो', 'नको' आणि मुलाचं नाव यापलीकडे स्पष्ट शब्द आला नव्हता. त्यांनी डाव्या हाताने पंख्याकडे बोट केलं. मग उजव्या हाताची चिमूट जमेल तशी जुळवून हवेत गोल गोल फिरवली आणि पुन्हा म्हणाल्या, "तार." विभागातल्या मावशी वागळे इस्टेट या कारखान्यांच्या वसाहतीच्या बाजूला राहणाऱ्या. त्या लगेच म्हणाल्या, "अहो मॅडम, या मोटर भरायला जातात. आमच्या गल्लीतल्या दोघीतिघी जातात ना."

मुलाला विचारल्यावर त्याने शांतपणे सांगितलं की आई अकरा वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात पंपाच्या मोटरींचं वाइंडिंग करते, म्हणजे मोटरमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी (कॉइल) भरते. "मग आधी का नाही सांगितलंस?" यावर त्याचं उत्तर होतं, "कोणी विचारलंच नाही." आणि घरचा स्वयंपाक? तो आजी करतात, ताई लग्न होऊन आल्या तेव्हापासून. रविवारची मच्छी नवरा करतो.

पहिला निर्णय: कुणाला विचारायचं आणि कसं

आता सरळ ताईंना मोटरीकडे वळवावं, असा सगळ्यांचा कल झाला होता. तो आवरला. पोळीचा अंदाज बाजूला सारून वाइंडिंगचा अंदाज बसवायचा, तर ताईंना तेव्हाही कुणी विचारलेलं नसतंच. आधी त्यांचं म्हणणं त्यांच्याकडूनच हवं होतं, आणि वाक्य जुळवता न येणाऱ्या माणसाकडून ते मिळवायचं होतं.

विभागाकडे रोजच्या कामांच्या फोटोंची कार्डं होती, पण तीही बायकांची आणि पुरुषांची अशी दोन पाकिटांत. दोन्ही पाकिटं एकत्र केली. त्यात नव्याने काढलेले फोटो घातले: टीएमटीच्या बसमध्ये चढणं, जांभळी नाक्यावर भाजी घेणं, एटीएम, मोबाइलवर पैसे पाठवणं, तांब्याच्या तारेचं रीळ. बोलण्याच्या उपचारांसाठी ताई ज्यांच्याकडे जात त्या वाचोपचारतज्ज्ञ बाईही सोबत बसल्या. घरच्यांना बाहेर थांबायची विनंती केली. आजींना ते फारसं आवडलं नाही.

कार्डं तीन ढिगांत लावायची होती: पूर्वी करत होते, आता करायचंय, नकोच. ताईंनी पोळीचं कार्ड उचललं, थोडा वेळ बघितलं आणि "आई" म्हणत दाराबाहेरच्या सासूबाईंच्या दिशेने सरकवलं. 'करायचंय'च्या ढिगात सर्वांत वर तारेचं रीळ आलं. त्याखाली बस, मग स्वतःपुरता चहा, मग केसांचा अंबाडा. चहा आणि अंबाडा आम्हाला अपेक्षित नव्हते, आणि तेवढ्यासाठी तरी विचारण्याची ही खटपट सार्थकी लागली. स्वयंपाकघर सरसकट वगळलं असतं तर चहाही गेला असता.

या चार कामांवर कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर या मोजणीने गुण घेतले. त्यात रुग्ण स्वतःच 1 ते 10 मध्ये सांगतो की काम किती जमतं आणि त्यावर तो किती समाधानी आहे. वाइंडिंगला ताईंनी दोन्हीकडे 1 दिला.

समोर असलेले पर्याय

विभागाच्या बैठकीत चार मतं पडली.

आहे तेच चालू ठेवा, असं एकाचं म्हणणं. हाताची हालचाल सुधारली की ती कुठेही वापरता येते. हे मत आकर्षक आहे, पण पक्षाघातात अनुभव उलटा येतो. ज्या कामाचा सराव केला ते काम सुधारतं, आणि त्याचा लाभ दुसऱ्या कामाला आपोआप मिळेल असं धरून चालता येत नाही.

दुसरं मत असं की पोळपाटही नको आणि मोटरही नको; शंकू रचणं, खुंट्या लावणं, पुट्टी दाबणं असं काहीतरी द्या, म्हणजे बाई-पुरुष हा प्रश्नच उरत नाही. माझ्या मते चारांतला हा सर्वांत कमकुवत पर्याय, आणि आपल्या विभागांत तोच सर्वाधिक चालतो. शंकू कुणाच्याच आयुष्यात नसतो. रुग्णाला विचारण्याची जबाबदारी टाळायची सोय म्हणून तो बरा पडतो, इतकंच.

तिसरं, फक्त वाइंडिंग. यात धोके होते. बधिर बोटांना स्टेटरच्या (मोटरचा स्थिर भाग, ज्याच्या खाचांत तार भरतात) पत्र्याच्या कडा कापल्या तरी कळणार नाही. घट्ट चिमटीत फार वेळ राहिल्याने बोटांची ताठरता वाढू शकते. आणि कारखाना परत घेईल की नाही तेही माहीत नव्हतं.

चौथं, ताईंनी लावलेल्या क्रमाने चारही कामं, आणि प्रत्येकाच्या आधी हात तयार करण्याचा भाग. हे ठरलं. त्यात कणीक परत आली, हे सांगायलाच हवं. वाचोपचारतज्ज्ञ बाईंच्या मदतीने ताईंना समजावून सांगितलं की तळहातावर वजन घेतलं तर बोटं सैल होतील आणि मग तार धरता येईल. ताईंनी मान डोलावली. त्या दिवसापासून कणीक मळण्याला त्यांनी एकदाही नकार दिला नाही. कामही तेच होतं आणि हातही तोच.

घरच्यांशी बोलणं

या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग हाच होता. "मॅडम, हिला दोन भाकऱ्या थापता आल्या की झालं. आता कामाला कोण पाठवतंय?" असं आजी म्हणाल्या. नवरा गप्प होता. नंतर एकटा भेटून त्याने विचारलं, "झेपेल का तिला?"

आजींना जुन्या विचारांच्या ठरवून मोकळं होणं सोपं होतं. पण त्यांचं पुढचं वाक्य ऐकण्यासारखं होतं: "मी अडुसष्ट वर्षांची. मी तरी किती दिवस चुलीपाशी उभी राहू?" हा प्रश्न रास्त होता. सून कामावर जाते तेव्हा घरातलं काम नाहीसं होत नाही, ते दुसऱ्या बाईच्या अंगावर जातं. 2019 च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटं. बाई दिसली की स्वयंपाकाची कामं काढावीत हा थेरपिस्टचा अंदाज अशा सरासरीतूनच येतो, तो हवेतून येत नाही. पण सरासरी देशाची असते, आणि समोर बसलेल्या बाईने अकरा वर्षं मोटरी भरलेल्या असू शकतात.

"लोकांची घरं सुधारणं आपलं काम नाही," असं एका सहकाऱ्याने बजावलं. मला ते अर्धंच पटतं. कुणाला उपदेश करणं आपलं काम नाही. पण ताई काय शिकणार हे घरात कोण काय करतो यावर अवलंबून असेल, तर तो हिशोब मांडल्याशिवाय योजना उभीच राहत नाही. म्हणून चौघांना एकत्र बसवून सकाळी सहापासूनची कामं कागदावर लिहिली. कुणाला दोष द्यायचा नाही, फक्त काम आणि त्यापुढे नाव. आजींच्या नावापुढची यादी पानाखाली गेली तेव्हा नवऱ्यानेच पेन घेतलं आणि कुकर, पाणी भरणं व रात्रीची भांडी ही तीन कामं स्वतःच्या आणि मुलाच्या नावावर केली. मुलाला कुकर लावायचा येत नव्हता. पुढच्या दोन भेटींत विभागाच्या स्वयंपाकघरात तो वरण-भात शिकला, आणि शेजारी ताई एका हाताने चहाचं पातेलं धरायचा सराव करत होत्या.

प्रत्यक्ष काय केलं

कारखान्याच्या मालकाने एक भंगारातला स्टेटर दिला. त्याच्या कडा कानशीने घासून बोथट केल्या. सुरुवात सुती दोरीने झाली: दोरी खाचेत बसवायची, बांबूच्या पट्टीने दाबायची. मग खाचेत इन्सुलेशनचा कागद घालणं. मग तार, आधी एकेरी आणि आखूड, मग चार-पाच तारांचा जुडगा. दर काही मिनिटांनी हात टेबलावर पालथा ठेवून सैल सोडायचा. स्पर्श कमी असल्याने बोटं रोज दोनदा नजरेने तपासायची, कापलं-खरचटलं आहे का ते बघायचं. ही सवय ताईंनी मुलाला फोनवर गजर लावायला सांगून जोपासली. वीज जोडून मोटर तपासणं त्यांनी करायचं नाही, हे शेवटपर्यंत पाळलं.

बोलण्यातही फरक पडला. 'स्लॉट', 'कॉइल', 'पेपर', 'वार्निश' हे शब्द आधी सुटले, आणि वाचोपचारतज्ज्ञांनी त्यांनाच जोडून छोटी वाक्यं बांधली.

पैशांची एक गोष्ट या सगळ्यात जवळजवळ सुटलीच होती. कारखाना दहापेक्षा जास्त कामगारांचा होता आणि ताईंच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता, कापला जात होता. म्हणजे त्यांना आजारपणाचा भत्ता लागू होता: वर्षाला 91 दिवसांपर्यंत, मजुरीच्या 70 टक्के. अटी पूर्ण असतील तर अर्धांगवायूसारख्या दीर्घ आजारात पुढे 80 टक्क्यांचा वाढीव भत्ताही मिळतो. केसपेपरवर 'गृहिणी' असल्यामुळे वैद्यकीय समाजसेविकेने ईएसआयचं कार्ड विचारलंच नव्हतं. तोवर घरच्यांनी उपचारासाठी दागिने गहाण ठेवले होते. दावा उशिरा दाखल झाला, कागद पुरे करताना नवऱ्याचे भाड्याचे बरेच दिवस बुडाले.

निष्पत्ती

साधारण पाच महिन्यांनी ताई अर्धा दिवस कामावर जाऊ लागल्या. कॉइल बसवायचा पूर्वीचा वेग आलेला नाही, त्यामुळे त्या कागद घालणं आणि दोरा बांधणं ही कामं करतात. मजुरीही त्या मानाने कमी झाली. वाइंडिंगचे त्यांचे स्वतःचे गुण 1 वरून 5 वर गेले, समाधानाचे 1 वरून 7 वर. या मोजणीत दोन गुणांचा फरकही अर्थपूर्ण मानतात. चहा त्या स्वतः करतात. बसमध्ये सकाळच्या गर्दीत अजून चढता येत नाही, म्हणून जाताना नवरा टेम्पोतून सोडतो. अंबाडा जमलेला नाही. त्या क्लचर लावतात, आणि त्याची खंत त्यांनी बोलून दाखवली.

घरातली वाटणी पूर्ण टिकली असं म्हणता येणार नाही. कुकर मुलाकडे राहिला, भांडी पुन्हा आजींकडे गेली. टेम्पोच्या फेऱ्या वाढल्या की पाणीही आजीच भरतात. आजींचा गुडघा दुखतो आणि त्यावर या योजनेत उत्तर नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी, घरच्यांकडून माहिती घेण्याआधी, रुग्णापुढे कार्डं ठेवता आली असती. बोलता न येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत आपण अगदी साहजिकपणे नातेवाइकांकडे वळतो, आणि नेमकं तिथेच बाईचं काम 'घरचं सगळं' या दोन शब्दांत मावून जातं. "आजारी पडायच्या आदल्या दिवशी सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत काय काय केलं?" हा प्रश्न विचारला असता तर आजींनीही कारखाना सांगितला असता. आता हाच प्रश्न फॉर्मवर पहिला आहे, आणि व्यवसायाच्या रकान्यात नुसतं 'गृहिणी' किंवा 'निवृत्त' लिहून पुढे जाता येत नाही. सोबत पगारातून काही कपात होते का, हेही विचारायचं असतं.

कपाटाचे कप्पे मोडले आहेत. वस्तू आता पकड, दोन हातांचं काम, नजर आणि ताकद अशा लावल्या आहेत. त्यातून पुरुष रुग्णांचंही बरंच पुढे आलं. नौपाड्यात एकटे राहणारे एक निवृत्त आजोबा कित्येक दिवस निमूटपणे नट-बोल्ट फिरवत होते. कार्डं समोर आल्यावर त्यांनी भाजी चिरण्याचं आणि कपडे वाळत घालण्याचं कार्ड उचललं. घरी ते दोन्ही कामं शेजारणीकडून करून घेत होते आणि त्यांना त्याचा संकोच वाटत होता.

मालकाशी बोलणंही लवकर सुरू व्हायला हवं होतं. आम्ही हात तयार झाल्यावर गेलो. तोवर ताईंच्या जागी दुसरी बाई लागली होती आणि अर्ध्या दिवसाचं काम मिळालं ते मालकाच्या मर्जीवर. पक्षाघातानंतरच्या पहिल्या महिन्यातच कारखान्यात जाऊन काम बघितलं असतं, तर कुठला टप्पा ताईंना लवकर जमेल हे आधी कळलं असतं, आणि सरावाचा भर कॉइलऐवजी कागद घालण्यावर ठेवता आला असता. तसं केलं असतं तर ती जागा त्यांच्यासाठी राखून ठेवा, असं मालकाला वेळेत सांगता आलं असतं.